एक ‘ॲड’ राहिला आणि काट्यावर गाड्या अडल्या

घाटंजी तालुक्यातल्या एका जिनिंगचं नेटवर्क मी यवतमाळात बसून सांभाळतो. ऑफिसात सिस्कोचा एक स्विच, म्हणजे नेटवर्कच्या तारा जोडायची पेटी, गेटजवळ वजनकाट्याच्या खोलीत दुसरा, मधे फायबर. दोन्हींवर एसएसएचनं, म्हणजे नेटवर्कवरूनच कमांड देता येतात अशा वाटेनं, शिरतो. माउसनं क्लिक करण्यापेक्षा मला कमांडच बरी वाटते; काय बदललं ते ओळीनं दिसतं.

डिसेंबरात, कापसाच्या भर आवकेत, काट्यावर कॅमेरे लावायचं ठरलं. त्यांच्यासाठी व्हीलॅन ३०; व्हीलॅन म्हणजे त्याच तारांवरचं एक वेगळं, नंबर दिलेलं नेटवर्क. ट्रंकवर, म्हणजे सगळे व्हीलॅन वाहणाऱ्या दोन स्विचमधल्या जोडणीवर, आधीपासून १० आणि २० होते: १० वरून मी स्विचवर शिरतो, २० वर पावत्यांचा कॉम्प्युटर. नोटपॅडमधे कमांड लिहून ठेवल्या होत्या, त्या काट्याजवळच्या स्विचवर एकदम पेस्ट केल्या. ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ या ओळीनंतर कर्सर गोठला. एंटर दाबत राहिलो, काही नाही.

तिथं ‘व्हीलॅन ॲड ३०’ हवं होतं. ‘ॲड’ नसला की स्विच जुनी यादी पुसतो आणि दिलेली तेवढीच ठेवतो. १० गेला तसा माझा रस्ता गेला, २० गेला तशा पावत्या.

दोन मिनिटांत काटेवाल्या काकांचा फोन. “भाऊ, काटा वजन दाखवून राहिला, पन पावती निंगून नाही राहिली. गाड्याइची लाइन लागली इथं.”

सेव्ह न केलेला बदल स्विच बंद झाला की पुसला जातो, म्हणून त्यांना स्विचची पिन काढून पुन्हा लावायला सांगितलं. स्विच उठला, पण पावती निघेना. तेव्हा नोटपॅडची शेवटची ओळ डोळ्यांत भरली: ‘राइट मेमरी’, म्हणजे सेव्ह करायची कमांड. रस्ता बंद व्हायच्या आधीच सगळ्या ओळी स्विचपर्यंत पोचल्या होत्या. त्यानं इमानदारीनं चूकही सेव्ह केली.

लॅपटॉप आणि नेटवर्कशिवाय थेट स्विचला जोडायची निळी कन्सोल केबल घेऊन गाडी काढली. पोचलो तेव्हा अंधार पडला होता. काका रजिस्टरवर हातानं वजनं लिहीत होते. एक म्हातारे कास्तकार दाराशी कानाला रुमाल बांधून उभे. त्यांनी एवढंच विचारलं, “होईन ना बाबू?” त्यांचा ट्रॅक्टर दुपारपासून उभा होता.

पुट्टीमधे, म्हणजे लॅपटॉपवरून कमांड द्यायच्या प्रोग्रॅममधे, आधी केबलचा वेग ११५२०० राहिला होता, पडद्यावर नुसती विचित्र चिन्हं. ९६०० केला, एंटर दाबलं, प्रॉम्प्ट आला. ‘शो इंटरफेसेस ट्रंक’मधे परवानगीच्या रकान्यात एकटा ३०. ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड १०,२०’ टाकलं. थोड्या वेळात शेजारचा प्रिंटर कर्रकर्र वाजला. पहिली पावती त्या म्हाताऱ्या बाबांच्या नावाची निघाली.

आता ज्या वाटेनं स्विचवर शिरलो तीच वाट बदलायची असेल, तर चालू कॉन्फिग (स्विचच्या सेटिंग्ज) आधी सेव्ह करतो आणि ‘रिलोड इन १०’ टाकतो. मी बाहेर अडकलो तर दहा मिनिटांनी स्विच स्वतःच रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगवर येतो. मग बदल करतो, नवं सेशन उघडून खरंच शिरता येतं का पाहतो आणि काकांना एक पावती काढायला लावतो. ती निघाली की ‘रिलोड कॅन्सल’. ‘राइट मेमरी’ त्यानंतर, हातानं. पेस्ट करायच्या ओळींत ती मी आता ठेवत नाही.

फेब्रुवारीत तिसरा कॅमेरा यवतमाळातूनच जोडला. काका फोनवर म्हणाले, “निंगली पावती, भाऊ.” मग मी रिलोड कॅन्सल केला.