तुम्ही विचारलंत म्हणून: कार्बोरेटर काय वाईट होता?

हा प्रश्न मला दोन ठिकाणी हमखास भेटतो. इकडे न्यू जर्सीत मंडळाच्या गणपतीला, जेवणाच्या रांगेत. आणि सुट्टीला कोल्हापूरला गेलो की उद्यमनगरात, मामाच्या गॅरेजवर. मंडळातले लोक विचारतात, "तुमची ती जुनी गाडी चांगली पळत होती म्हणे, मग तिला कॉम्प्युटर कशाला लावलात?" मामाचा मिस्त्री एवढा फिरून येत नाही. तो पाना पुसत म्हणतो, "दादा, कार्बोरेटर काय वाईट होता?"

कार्बोरेटर म्हणजे इंजिनसाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा साधा यांत्रिक भाग. तो काढून मी कॉम्प्युटरवर चालणारं इंजेक्शन बसवलं, म्हणून हा प्रश्न. तर काहीच वाईट नव्हता. खरी पंचाईत तीच आहे.

आधी गाडीबद्दल. 1972 ची शेवरोले नोव्हा, 350 क्युबिक इंचाचं म्हणजे 5.7 लिटरचं व्ही-8 इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हिला घेऊन मी ब्रॅकेट रेसिंग करतो, म्हणजे सरळ पट्ट्यावर दोन गाड्यांच्या ड्रॅग रेसचा एक प्रकार. पूर्वी घराजवळ एंग्लिशटाउनचा ट्रॅक होता. तिथली ड्रॅग रेसिंग जानेवारी 2018 मध्ये बंद झाली. आता कधी ग्रेट मेडोजचं आयलंड ड्रॅगवे, कधी पेनसिल्व्हेनियातलं मेपल ग्रोव्ह. ट्रेलर, टायर, थर्मासमधला चहा, आणि बायकोचं "संध्याकाळी सातच्या आत".

ड्रॅग रेस म्हटलं की वाटतं, जो आधी पोचला तो जिंकला. वरच्या वर्गांत तसंच असतं. आमच्या ब्रॅकेटमध्ये मात्र पाव मैल, म्हणजे 402 मीटर, आपली गाडी किती सेकंदांत कापेल ते आधीच काचेवर लिहायचं असतं. मी 12.40 लिहिलं आणि शेजारच्याने 11.10, तर मला त्याच्या आधी 1.30 सेकंद हिरवा दिवा मिळतो. हिशेबाने दोघंही एकदमच पोचायला हवेत. लिहिलेल्या आकड्यापेक्षा गाडी मागे पडली तर बहुतेक वेळा हरलात, आणि त्या आकड्यापेक्षा कमी वेळात पोचली तर 'ब्रेकआउट' म्हणून बाद. त्यामुळे गाडी किती पळते याला आमच्यात फारशी किंमत नाही. सकाळी जशी पळाली तशीच दुपारी पळते का, सगळा खेळ तिथे.

आणि तशीच पळण्यात कार्बोरेटर वाईट नसतो. तो मठ्ठ आहे, पण एकसारखा मठ्ठ आहे. हवा आत खेचली जाते, गळ्यात तिचा दाब कमी होतो, तेवढ्या ओढीने जेट नावाच्या बारीक छिद्रातून पेट्रोल येतं. झालं. दुपारी हवा तापून विरळ झाली की मिक्श्चर थोडं रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, गाडी थोडी मंदावते, आणि किती मंदावते हे दोन-तीन मोसमांत अंगवळणी पडतं. माझ्याकडे वही होती. तापमान, दमटपणा, वायुदाब, आणि पुढे गाडीने दिलेला वेळ. त्या वहीच्या जोरावर मी बऱ्यापैकी जिंकत होतो.

मग बदललं का? खरं सांगू? हौस. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो, म्हटलं शनिवारी स्वतःच्या शोधू. शिवाय आजूबाजूला सगळे बदलत होते. ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिप्पो यांच्या मेगास्क्वर्टने घरी सोल्डरिंग करून इंजिनचा कॉम्प्युटर बनवायची वाट दाखवली, त्यालाही आता वीस वर्षं होऊन गेली. हल्ली तयार मिळणाऱ्यांत होली आहे, हॅलटेक आहे, ब्राझीलचं फ्युएलटेक आहे. मी कोणतं घेतलं ते सांगत नाही, कारण पुढे जे रडगाणं आहे त्यात डब्याचा, म्हणजे या कॉम्प्युटरचा, दोष फार कमी आहे.

पहिला धडा पेट्रोलच्या टाकीने दिला. कार्बोरेटरला 6-7 पीएसआय दाब पुरतो, पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या इंजेक्टरला 43 च्या आसपास लागतो. म्हणजे पंप नवा, पाइप नवे, परतीची लाइन नवी. एवढं करूनही सुटताना इंजिन आचका द्यायचं. कारण असं की गाडी झपकन सुटली की टाकीतलं पेट्रोल मागे धावतं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. कार्बोरेटरच्या वाटीत तेवढ्यापुरतं पेट्रोल साठलेलं असतं, त्याला या भानगडीचा पत्ताही लागत नाही. इंजेक्टरकडे असली शिल्लक नसते, त्याला त्याच क्षणी कळतं. टाकीत मागच्या बाजूला खोलगट सम्प बसवून घेतला तेव्हा ते थांबलं. डबा आणि इतर सामान धरून खर्च तीन हजार डॉलरच्या जवळ गेला. घरी मी दोन हजार सांगितला आहे. बायकोला मराठी वाचता येतं, पण गाडीबद्दल लिहिलेलं ती वाचत नाही, या भरवशावर हे लिहितो आहे.

मग ट्यूनिंग. मुख्य कोष्टक 16 गुणिले 16, म्हणजे 256 घरं. आडवे आरपीएम, उभा मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब. प्रत्येक घरात एक आकडा, की या वेळी सिलिंडर किती भरतो. मी हिवाळाभर ही घरं भरली. गल्लीबोळातून गाडी फिरवली, शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. मार्चमध्ये ध्यानात आलं की ड्रॅग रनमध्ये पाय तळाला टेकलेला असतो, म्हणजे इंजिन सबंध वेळ सगळ्यात वरच्या ओळीत, 4000 ते 6200 आरपीएमच्या मध्ये. 256 पैकी शर्यतीच्या कामाची घरं जेमतेम सहा-सात! बाकीची दूध आणायला जाताना उपयोगी पडतात.

एक मधला अनुभव झटपट सांगतो. वैतागून मी एका ट्यूनरला पैसे देऊन काम करून घेतलं. गाडी छान चालायला लागली. घरी येऊन लॅपटॉप जोडला तर फाइलला पासवर्ड. माझीच गाडी, माझाच डबा, आणि आकडे बघायची मला बंदी. त्याचं म्हणणं, ती त्याची विद्या आहे. असेलही. मी सगळं पुसून पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली.

आता ज्या भानगडीसाठी हे लिहायला बसलो ती.

त्या उन्हाळ्यात गाडी सकाळच्या टाइम रनमध्ये 12.40, 12.41, 12.39 जायची. घड्याळ लावून घ्यावं अशी. दुपारी एलिमिनेशन, म्हणजे बाद फेऱ्या, सुरू झाल्या की 12.49, 12.52. पहिल्याच फेरीत घरी. मी म्हटलं, ऊन आहे, हवा विरळ आहे, मंदावणारच. मिक्श्चर डबा सांभाळेल, पण ताकद कुठून आणेल? काचेवर 12.50 लिहायला लागलो. तर एका संध्याकाळी गार वारं सुटलं, वहीप्रमाणे गाडी सकाळसारखी जायला हवी होती, आणि तरीही 12.51. पुढच्या आठवड्यात रांग नव्हती, गाडी थेट लाइनवर नेली, तर भर दुपारी 12.42. पहिल्यापासून 12.40 लिहिलेलं असतं तर त्या दिवशी पुढे गेलो असतो. काचेवर 12.50 होतं. ब्रेकआउट.

त्या रात्री दोन्ही रनचे लॉग एकाखाली एक ठेवले. डबा सेकंदाला कितीतरी वेळा सगळ्या सेन्सरचं वाचन लिहून ठेवतो. आरपीएम सारखे, दाब सारखा, व्होल्टेज सारखं. आत येणाऱ्या हवेचं तापमान मात्र एकात 34 अंश आणि दुसऱ्यात 70.

सत्तर! इथल्या उन्हाळ्यात पारा पस्तिशीच्या वर फारसा जात नाही.

झालं होतं असं. हवेचं तापमान मोजणारा पितळी सेन्सर मी ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डमध्ये आटे पाडून बसवला होता, कारण तिथे जागा होती. रांगेत इंजिन बंद करून अर्धा तास उभं राहिलं की खालची सगळी उष्णता मॅनिफोल्डमध्ये चढते आणि सेन्सर धातूचं तापमान सांगायला लागतो. डब्याला वाटतं, हवा सत्तर अंशांची, म्हणजे विरळ, म्हणजे पेट्रोल कमी हवं. गणित सरळ आहे: 34 अंश म्हणजे 307 केल्विन, 70 म्हणजे 343. पेट्रोल साधारण दहा टक्क्यांनी कमी. सुटताना इंजिन लीन, पहिले साठ फूट 1.74 ऐवजी 1.80 सेकंदांत. पुढे वाऱ्याने सेन्सर गार झाला की सगळं सुरळीत, म्हणून शेवटचा वेग जवळजवळ तोच, 109 मैल. माझी गाडी उन्हाने मंदावत नव्हती. रांगेत किती वेळ उभा राहिलो यावर ती चालत होती, आणि वहीत तो रकानाच नव्हता.

उपाय दहा मिनिटांचा. प्लास्टिकच्या अंगाचा उघड्या टोकाचा सेन्सर घेतला आणि एअर क्लीनरच्या तळाशी, येणाऱ्या हवेच्या वाटेवर बसवला. दुसऱ्या शनिवारी सकाळी 12.40, दुपारी 12.43.

कार्बोरेटर असता तर हे झालंच नसतं, हे मला मान्य आहे. हवा किती तापली आहे हे त्याला कळत नाही, त्यामुळे त्याबद्दल त्याची चूकही होत नाही. मिस्त्री हे ऐकून मांडी थोपटतो. पण त्याच लॉगने चूक बोट ठेवून दाखवली, हे मी त्याला सांगतो तेव्हा तो चहा सांगायला उठतो.

अर्थात लॉगमधलं सगळंच खरं धरायचं नसतं. एकदा एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सांगत होता, मिक्श्चर लीन, पेट्रोल वाढव. डबा आज्ञाधारक, वाढवत गेला. मी मर्यादा पंधरा टक्क्यांची घातली होती, तो पंधरावर जाऊन थांबला. तरी लीनच, आणि गाडी आणखी मिसिंग मारायला लागली. तासभर स्क्रीनकडे बघून झाल्यावर मामाच्या गॅरेजवर शाळकरी वयात शिकलो ते केलं: प्लग काढले. 1, 3, 5 काळपट, आणि 7 नंबरचा ओलाचिंब, पेट्रोलने निथळणारा. त्याची वायर एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीला, हेडरला, टेकून जळली होती, ठिणगीच पडत नव्हती. न जळलेल्या सिलिंडरमधून ऑक्सिजन जसाच्या तसा बाहेर येतो, सेन्सर तो मोजतो आणि म्हणतो लीन. त्या बाजूच्या चार सिलिंडरांचा मिळून तो एकच सेन्सर. कोण उपाशी आणि कोण बुडतोय हे त्याला वेगळं दिसत नाही. तेव्हापासून फुल थ्रॉटलला ही आपोआप दुरुस्ती मी बंद ठेवतो. कोष्टकात जे लिहिलं आहे तेवढंच दे, शहाणपणा नको. कार्बोरेटरसारखा वाग, असंच म्हणा ना.

मंडळात एक गृहस्थ आहेत, ते वाचून येतात. ते म्हणतात, टॉप फ्युएल वर्गातल्या गाड्या तर ड्रॅग रेसिंगमध्ये सगळ्यात वेगवान, त्यांच्यात कुठे असतो कॉम्प्युटर? मुद्दा बरोबर आहे. नायट्रोमिथेनवर चालणाऱ्या त्या गाड्यांत इंधनाचं इंजेक्शन अजून यांत्रिक आहे, इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला नियमानेच मज्जाव. माहिती नोंदवायची मुभा आहे, ती वापरून गाडी हाकायची नाही. उलट प्रो स्टॉक या दुसऱ्या वर्गातले वर्षानुवर्षं कार्बोरेटरवर होते, त्यांना 2016 पासून इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन सक्तीचं झालं, सोबत 10,500 आरपीएमची मर्यादाही आली. दोन्ही एकाच संघटनेचे नियम, नॅशनल हॉट रॉड असोसिएशनचे. त्यातून ज्याने त्याने आपल्या सोयीचं उदाहरण उचलावं.

भाच्याचा प्रश्न वेगळाच आहे. त्याच्याकडे एप्रिल 2020 नंतरची, बीएस-6 प्रदूषण नियमांची बाइक. कार्बोरेटर त्याने मामाच्या फळीवरच पाहिलेला. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅग रेस बघून आला आणि फोन केला, "मूळ ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, आणि इंजिन यांच्या मध्ये बसतो तो पिगीबॅक डबा घेऊ का?" मी विचारलं, आत्ता गाडी कुठे कमी पडते, काही मोजलंस? नाही म्हणाला. मग आधी मोज, म्हटलं. त्याने सायलेन्सर बदलला.

तर कार्बोरेटर काढून मिळवलं काय? वेग म्हणाल तर सेकंदाचा पाच-शतांश, तोही वाऱ्याची मेहेरबानी असेल कदाचित. जिंकण्याचं म्हणाल तर पहिली दोन वर्षं वहीवर जिंकायचो तेवढंही जिंकलो नाही. पण वहीच्या काळात हरलो की मी काहीही म्हणू शकायचो: हवा, पेट्रोल, ट्रॅकवरचा चिकटपणा. आता रात्री लॉग उघडला की बहुतेक वेळा कारण समोर असतं, आणि त्यातली निम्मी माझ्याच हातची निघतात. मला ते आवडतं. प्रत्येकाला आवडेलच असं नाही. शेजारच्या पिटमध्ये सत्तरीचे एक आजोबा कार्बोरेटरवरच येतात, खिशात पेचकस, आणि माझ्यापेक्षा जास्त फेऱ्या जिंकतात. त्यांना मी कधी डबा घ्या म्हटलं नाही. माझा जुना कार्बोरेटरही मी विकलेला नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून गॅरेजच्या फळीवर आहे.

मागच्या मोसमातल्या शेवटच्या शनिवारी त्याच आजोबांशी गाठ पडली. काचेवर 12.40, गाडी गेली 12.41. याहून चांगलं काय जाणार? तरी हरलो. स्लिपवर माझा रिॲक्शन टाइम, म्हणजे हिरव्या दिव्यानंतर सुटायला लागलेला वेळ, 0.118 सेकंद, त्यांचा 0.021. दिवा हिरवा कधी झाला हे डब्याला माहीतच नसतं, त्याच्या लेखी रन झकास होता. त्या रनचा लॉग मी अजून उघडलेला नाही.