एकाच गावाच्या दोन नोंदी

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील जुन्या पुस्तकांचे डिजिटायझेशन करायचे ठरले, तेव्हा आधी चर्चा झाली ती स्कॅनरची. ग्रंथपाल म्हणून माझा आग्रह मात्र असा, की पहिले काम दाखल नोंदवहीचे, म्हणजे ग्रंथालयात आलेले प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदले जाते त्या वहीचे आहे.

गोव्यात १५५६ मध्ये छापखाना आला आणि फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले ते मराठीत, पण रोमन लिपीत. म्हणजे लिपी पाहून भाषा ठरवणारी नोंद इथे पहिल्याच पावलाला चुकते. नावांचे तर विचारूच नये. पोर्तुगीज अमदानीतील मुखपृष्ठावर साखळी या गावाचे ‘सांकेलिम’ होते, कामत या आडनावाचे ‘कामोतिम’ होते आणि नाईक हे आडनाव शेवटी क्यू-यू-ई ही अक्षरे घेऊन येते. त्यामुळे एकाच लेखकाची पुस्तके कॅटलॉगमध्ये दोन अनोळखी माणसांच्या नावावर पडून राहतात. कोहा या मोफत संगणकप्रणालीत एक रूप प्रमाण मानून बाकीची रूपे त्याला जोडता येतात. पण ती जोडणी यंत्र करत नाही, त्यासाठी दोन्ही लिपी वाचणारा माणूस बसावा लागतो. लेखक नेमका कोण हे ठरल्याशिवाय त्याच्या मृत्यूनंतरची ६० वर्षांची स्वामित्वहक्काची मुदत संपली की नाही, हेही कळत नाही आणि स्कॅन केलेले पुस्तक सर्वांना खुले करता येत नाही.

स्कॅनिंगचे महत्त्व मी कमी लेखत नाही. गेल्या जुलैत एक मराठी नाटकाचे पुस्तक उघडले, तर पूर्वी कुणीतरी मायेने चिकटवलेली सेलोटेप तपकिरी होऊन तिचा गोंद अक्षरांत उतरला होता आणि पान बोटाच्या स्पर्शाने तुटत होते. अशा पुस्तकाला जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ लागते, आणि ते काचेवर पालथे दाबणारा स्कॅनर नव्हे, तर अर्धवट उघडलेल्या स्थितीत वरून छायाचित्र घेणारा लागतो. नवी छापील आणि ई-पुस्तके त्या मानाने सोपी आहेत. त्यांच्या नोंदी बहुधा तयारच मिळतात.

सध्या एकाच कपाटाच्या नोंदी जुळवून झाल्या आहेत. परवा एका विद्यार्थिनीने देवनागरीत ‘साखळी’ असे टंकले आणि तिच्या गावावरची पोर्तुगीज पुस्तिका पडद्यावर आली. ती पुस्तिका त्याच कपाटात कित्येक वर्षे होती.