आमची वाटचाल: कात्रणातून फेडलेलं कर्ज

आमच्या छापखान्याबद्दल धंद्यात दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, आम्ही बुडालो होतो. दोन, आम्ही कंजूष आहोत. पहिली अर्धीच खरी आहे, कारण बुडालेला माणूस शेवटचा हप्ता भरत नाही आणि आम्ही तो भरला. दुसरी पूर्ण खरी आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही.

ट्रेडल या जुन्या, लहान छपाई मशीनवर सुरुवात केली, मग एकरंगी ऑफसेट, मग दुरंगी. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. काम यायचं, व्हायचं, पैसे यायचे. चाररंगी मशीन घेतलं तिथून खरी गोष्ट सुरू होते. मशीन घेण्याचा निर्णय चुकला होता असं मला आजही वाटत नाही. एका मोठ्या ग्राहकाने वर्षभराच्या कॅटलॉगांचा शब्द दिला होता आणि कामंही दिली. फक्त बिलं दिली नाहीत. ‘पास झालंय, सही राहिलीय’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे टेबलामागचा माणूस तोंड उघडायच्या आत मीच ते म्हणून टाकायचो.

छपाईवाल्यांना हे समजावून सांगायला नको, पण मोठ्या कामाच्या बिलात सगळ्यात मोठा वाटा कागदाचा असतो. त्यामुळे बिल अडकतं तेव्हा आपला नफा अडकत नाही, कागदवाल्याचे पैसे अडकतात. नफा बुडाला तर माणूस चरफडत झोपतो. दुसऱ्याचे पैसे अडकले की झोपच येत नाही.

त्याच सुमारास समोर नवा छापखाना उघडला. मालक आमच्याकडेच रोलर पुसायला शिकलेला. शिकला याचा आनंदच आहे, रोलर चांगला पुसायचा. पण त्याने आमच्या ग्राहकांना जे दर दिले, त्यात कागदसुद्धा निघत नव्हता. मी कटिंग मशीनजवळ उभा राहून हिशेब केला, दोनदा केला. निघतच नव्हता. तरी ग्राहक गेले. जाताना एकाने सांगितलं, ‘तुमचं काम चांगलं आहे हो, पण ते घरपोच देतात.’ वर्षानुवर्षं त्याच्या जॉबचा निळा रंग मी स्वतः उभा राहून जुळवून दिला होता, तो घरपोच देण्यात वाहून गेला.

आता मशीनच्या कर्जाबद्दल. ‘बारा टक्के फ्लॅट’ असं सांगण्यात आलं. सही करण्याआधीच मी विचारलं होतं, ‘मुद्दल कमी होत जाईल तसं व्याज कमी होणार ना?’ उत्तर मिळालं, ‘सगळे असंच घेतात.’ ज्यांना अजून कोणी सांगितलं नसेल त्यांनी कागद घेऊन बसावं. शंभरावर १२ टक्के फ्लॅट, मुदत ३ वर्षं, म्हणजे व्याज ३६. ते सरळ मुद्दलात मिळवून १३६ चे ३६ हप्ते पाडतात. निम्मं मुद्दल परत गेलं तरी व्याज पूर्ण शंभरावरच चालू असतं. घटत्या शिलकीवर हाच हिशेब मांडला तर दर साधारण २१ टक्के पडतो. तेव्हा फ्लॅट दराची तुलना घटत्या दराशी कधीही करू नका.

त्यावर क्रेडिट कार्डाचं देणं होतं. महिना २ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीने वर्षाला २६.८ टक्के होतात. किमान रक्कम भरत राहिलं की मुद्दल जागचं हलत नाही आणि हप्ता भरल्याचं समाधान मात्र मिळतं.

आम्ही एक लांब वही केली. कुणाचं देणं, मुद्दल किती, दर किती, मुदतीआधी फेडलं तर दंड किती, असे रकाने. वही आमच्या हिने लिहिली, कारण माझ्या अक्षरातल्या एक आणि नऊमध्ये फरक करता येत नाही. पहिला नियमही तिचाच: गल्ल्यात हात घालायचा नाही. घराला महिन्याला ठरलेली रक्कम, तीही रोजमेळात लिहूनच. बरेच जण सांगतात की आधी सगळ्यात लहान देणं फेडावं, म्हणजे हुरूप येतो. मला हुरुपाची गरज नव्हती, राग पुरेसा होता. सगळ्यांचे ठरलेले हप्ते भरायचे आणि वर जे उरेल ते सगळं सगळ्यात महाग देण्यावर. त्यामुळे कार्ड आधी गेलं.

पण उरणार कुठून? याचं उत्तर आमच्या जुन्या ग्राहक बाईंनी दिलं. शिक्षिका होत्या, निवृत्तीनंतर सरावप्रश्नांच्या पुस्तिका काढायच्या. प्रूफ स्वतः वाचायच्या, तेही लाल नाही, हिरव्या पेनाने. लाल पाहून मुलं दचकतात, अक्षरं जुळवणारा कंपोझिटरही दचकत असेल, असं म्हणायच्या. समोरच्याने त्यांनाही दर पाठवला होता. तो कागद त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, ‘यात कागदाचे किती आणि तुमचे किती?’ मी सांगितलं. म्हणाल्या, ‘मग कागद मीच आणून देते. तुम्ही तुमची मजुरी सांगा.’

बस. त्यांनी कागद थेट विक्रेत्याकडून रोखीने घेतला आणि रिमं आमच्या दारात उतरवली. आमचं भांडवल अडकलं नाही, त्यांना रोखीची सूट मिळाली, आणि बिलात फक्त प्लेट, शाई आणि आमचे हात. मग मी प्रत्येक ग्राहकाला हेच सांगायला लागलो. अर्धे निघून गेले. समोरून निरोप आला की मालकाचे मजूर झाले म्हणे. झालो. विक्री आकसली, पण आत आलेला पैसा आमचा होता.

जिथे कागद आमचाच लागायचा तिथेही आम्ही रोखीवर आलो. ३० दिवसांची उधारी सोडली तर २ टक्के सूट, असं विक्रेता म्हणतो तेव्हा पुष्कळांना ती भीक वाटते. महिनाभर आधी पैसे देण्याचे २ टक्के म्हणजे वर्षाच्या हिशेबाने २४-२५ टक्के होतात. तुमची कोणती ठेव इतकं देते?

मशीनवरची काटकसर तर मी तासभर सांगू शकतो. एकाच रंगाची कामं एका दिवशी लावायची. लागोपाठ रंग बदलायचे असतील तर फिक्याकडून गडदाकडे जायचं: पिवळा, लाल, निळा, शेवटी काळा. उलट गेलात तर काळ्यानंतर पिवळा स्वच्छ यायला दोन-तीनदा वॉश लागतो आणि तरी हिरवट झाक राहते. सेटिंगला, म्हणजे मशीन जुळवताना, कोरी शीटं लावायची नाहीत, आधीच्या कामाची बाद शीटं पाठपोट वापरायची, शेवटची थोडीच कोरी. शाईचा डबा उघडा राहिला की वर साय धरते. ती सुरीने एका तुकड्यात काढायची, ढवळायची नाही, आणि पृष्ठभागावर तेलकट कागद दाबून झाकण लावायचं. ब्लँकेटला, म्हणजे प्लेटवरची शाई कागदावर उतरवणाऱ्या रबराला, खड्डा पडला की लगेच नवं ब्लँकेट मागवायचं नाही. खड्ड्याच्या मागे पातळ कागदाचा तुकडा, कडा खरवडून, चिकटवायचा. आमचा मशीनमन हे इतकं सफाईने करतो की खड्डा कुठे होता ते मलाही सापडत नाही. पांढरी कात्रणं आणि छापील कात्रणं वेगळ्या पोत्यात, कारण रद्दीवाला पांढऱ्याला जास्त देतो. जुन्या प्लेटा ॲल्युमिनियमच्या, त्या भंगारात नीट थप्पी लावून.

यावर हसणारे होते. एक तर मुद्दाम पोती बघायला आला होता.

मात्र कटिंगच्या पात्याची धार, रोलर, शाई आणि माणसांचे पगार यांना आम्ही हात लावला नाही. बोथट पातं थप्पीतली शीटं ओढतं आणि पुस्तकं तिरकी होतात. स्वस्त शाई वाळत नाही, थप्पीतल्या वरच्या शीटच्या पाठीवर उठते, आणि मग सगळं काम पुन्हा छापून द्यावं लागतं. पगार थकला तर चांगला माणूस आधी जातो, वाईट माणूस राहतो. काटकसर म्हणजे सगळीकडे सारखी कात्री, असं समजणाऱ्यांचे छापखाने मी बंद पडताना पाहिले आहेत.

मशीनचं कर्ज मुदतीआधी फेडायला गेलो तर दंड सांगितला. वहीत तो रकाना होताच, म्हणून वादच झाला नाही. उरलेल्या व्याजापेक्षा दंड कमी होता. भरला आणि मशीनचे कागद घेऊन आलो. त्या मोठ्या ग्राहकाचं एक बिल मात्र अजून यायचंय. पास झालंय म्हणतात.

समोरचा छापखाना चालू आहे, गर्दीही असते. त्याला कसं परवडतं ते मला अजून उलगडलेलं नाही. आम्ही त्यानंतर एकही मशीन उधारीवर घेतलं नाही. बाईंच्या पुस्तिका आता त्यांची भाची काढते. कागद तीही स्वतः आणते, पण पेन लाल वापरते.

आमच्याकडे फाइल पाठवणाऱ्यांना एक विनंती. मापं ठरवण्याआधी फोन करा. २३ × ३६ इंचाच्या शीटमध्ये ए४ आकाराची आठ पानं बसत नाहीत. ए४ ची उंची ११.६९ इंच, दोन मिळून २३.३८ होतात, आणि थोडक्यासाठी तुमचा आख्खा हिशेब बिघडतो. ८.५ × ११ इंच ठेवलंत तर आठ निघतात आणि छाटायला जागाही उरते. ए४ च हवं असेल तर २५ × ३६ चा कागद आणा. आणि कात्रणं मागू नका, ती आमची.