आमची वाटचाल : टेम्प्लेट फुकट, दुरुस्ती पैसे घेऊन

फोंड्यात आम्ही अक्षरजुळणीचा धंदा मांडला तो आरत्यांच्या पुस्तिका, जत्रेच्या नाटकांची हँडबिलं आणि देवस्थानांच्या स्मरणिकांवर. पेजमेकर हे पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर आणि युनिकोडपूर्वीचे फॉन्ट एवढंच भांडवल. त्या वेळच्या फाइली आज उघडल्या, तर फॉन्ट नसेल तिथं मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

पुढे विद्यापीठाचे मराठी प्रबंध येऊ लागले आणि आम्ही लाटेककडे, म्हणजे आज्ञा लिहून पानं जुळवायच्या मोफत सॉफ्टवेअरकडे, वळलो. विद्यार्थी एकमेकांकडून आमच्या फाइली नेऊ लागले, मग रात्री-अपरात्री फोन: ‘दादा, अक्षरं येईनात!’ शेवटी ठरवलं, टेम्प्लेट, म्हणजे मजकूर भरायचा तयार साचा, सगळ्यांसाठी खुलं करायचं, पण असं की परक्या माणसाला आम्हाला फोन करावा लागू नये.

निम्मे फोन एकाच कारणाचे असत. ओव्हरलीफ या लाटेक ऑनलाइन चालवायच्या वेबसाइटवर ठरवून दिलेला कंपायलर (फाइलीतून पीडीएफ बनवणारा प्रोग्राम) पीडीएफलाटेक, आणि देवनागरी युनिकोड नीट जुळवायला झीलाटेक किंवा लुआलाटेक हवं. आता टेम्प्लेटच्या सुरुवातीलाच तपासणी आहे. चुकीचा कंपायलर लावला तर काय बदलायचं ते मराठीत सांगून काम तिथंच थांबतं. कुठल्या वर्षीच्या टेकलाइव्हवर (लाटेकच्या दरवर्षी निघणाऱ्या संचावर) चालवून पाहिलं, तेही वर लिहितो, कारण त्यातली पॅकेजं, म्हणजे जोड-फाइली, बदलत राहतात.

नमुना मजकूर मात्र आम्ही मुद्दाम अवघड ठेवतो. त्यात ‘कुंकळ्ळी’ आहे, ‘तऱ्हा’ आहे, दोन ओळींचं प्रकरणशीर्षक आणि पुढच्या पानावर सांडणारा तक्ता आहे. फॉन्टला भाषा मराठी असं सांगितलं की, ज्या फॉन्टात सोय आहे त्यात, ल आणि श मराठी वळणाचे येतात. शेजारी तयार पीडीएफ असतेच, म्हणजे आपलं पान तसं दिसतंय का ते पडताळता येतं.

फॉन्टबाबत आम्ही कडक आहोत. विकतचा फॉन्ट टेम्प्लेटसोबत वाटायचा नाही. आमच्या मते ती सरळ चोरी. मुक्ता किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका ओएफएल या खुल्या फॉन्ट-परवान्याखाली आहेत, परवान्याची फाइल सोबत ठेवून खुशाल द्यावेत. कोडला एलपीपीएल हा लाटेकचा खुला परवाना लावतो: बदल करा, वाटा, पण बदललंय हे स्पष्ट कळू द्या. परवानाच न लिहिता फाइल टाकली, तर घेणाऱ्याला वापराची रीतसर मुभा मिळतच नाही.

गिऱ्हाइकाचा मजकूर पुसणं हे सगळ्यांत किचकट काम. स्मरणिकेच्या टेम्प्लेटमध्ये जाहिरातदारांचे मोबाइल नंबर, समितीची नावं, शिवाय पीडीएफच्या माहितीत लपलेलं लेखकाचं नाव. म्हणून जुन्या फाइलीतून खोडत बसत नाही, कोऱ्या फाइलीत नव्याने बांधतो.

‘फुकट वाटून पोट कसं भरतं?’ असं शेजारचे झेरॉक्सवाले काका विचारतात. प्रबंध जमा करायच्या आठवड्यात गाईडनी समासाची मापं बदलायला सांगितली, की दुकानापुढे रांग लागते. ते काम आम्ही पानांवर आकारतो, आणि दर दारावरच लावलाय.