पाऊस धड्यात दिला नव्हता

शाळेत कोणी पाहुणे आले की आमच्या चौथीतून वाचायला कोण उभं राहणार, हे ठरलेलं असायचं. ती उठायची, पुस्तक दोन्ही हातांत धरायची आणि खडाखडा वाचायची. जोडाक्षरं तिला कधी आडवी आली नाहीत. स्वल्पविरामाला किती थांबायचं आणि पूर्णविरामाला किती, तेही पक्कं. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा तिला शाबासकी दिली आणि जाता जाता मलाही दिली. मी ती घेतली.

त्या दिवशी पहिल्या तासाला मी पुस्तक उघडलंच नाही. आदल्या रात्री स्वतःच खरडलेल्या चार ओळी फळ्यावर लिहिल्या.

‘आजोबा घरात आले. त्यांनी छत्री झटकून कोपऱ्यात उभी केली. चष्मा पुसला. मग आत बघून टॉवेल मागितला.’

तिने वाचलं, नेहमीसारखंच सुरेख. मी विचारलं, “बाहेर काय चाललं होतं गं?”

ती फळ्याकडे बघत राहिली. नजर वरून खाली आली, पुन्हा वर गेली. “बाई, हे दिलं नाहीये.”

“नसू दे. तुला काय वाटतं?”

“आजोबा घरात आले.”

“बरं. छत्री कशासाठी झटकली?”

“कोपऱ्यात उभी करायला.”

मागून हसू आलं. मला मात्र हसू येईना, कारण उत्तर कसं तयार झालं ते मला दिसलं. प्रश्नातला ‘छत्री’ शब्द तिने फळ्यावर शोधला, त्याच्या शेजारचे शब्द उचलले आणि माझ्या हातात ठेवले. हे तिला शिकवलं कोणी? वर्षभर ‘छत्री कोठे ठेवली?’ छापाचे प्रश्न मीच देत होते आणि असल्या उत्तरांना पूर्ण गुण मीच देत होते.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, “पाऊस.” हा मुलगा वाचायला उभा राहिला की वर्ग चुळबुळतो. ‘छत्री’ वाचायला त्याला तीन श्वास लागतात. माझ्या यादीत तो ‘वाचता येत नाही’ या रकान्यात होता. “आणि जोराचा असणार बाई. छत्री होती तरी भिजले ना.”

‘तरी’. त्या एका शब्दावर मी तास संपेपर्यंत अडकून होते. पाऊस ओळखणं सोपं होतं. छत्री असून टॉवेल लागतो म्हणजे पाऊस कसा होता, हा हिशेब त्याने केला होता, आणि तोही तिने वाचलेलं ऐकून.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं गणित मांडलं होतं. अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं, बरोबर वाचून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असली की दुसरी कितीही मोठी असो, उत्तर शून्यच. प्रशिक्षणात हे मी वहीत उतरवून घेतलं होतं, खाली रेघही मारली होती. ती वही मीही बहुतेक तिच्यासारखीच वाचली असणार. (तिची भाषा शून्य नव्हती, हे सांगायला हवं. हीच गोष्ट मी तोंडी सांगितली असती तर ‘पाऊस’ सगळ्यात आधी तीच ओरडली असती. पण फळ्यावरच्या ओळी कुठल्या तरी खऱ्या दारातून आलेल्या खऱ्या आजोबांबद्दल असतात, हे तिच्या गावीच नव्हतं.)

मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत मी एक खोडी काढली. कागदावर लिहून सगळ्यांपुढे ठेवलं : ‘एका गिमळ्या टेपडाने सकाळी तीन लोरके चुबकले. मग ते घोळप्यात जाऊन मिंदळले.’ खाली तीन प्रश्न. टेपड कसे होते? त्याने किती लोरके चुबकले? ते कोठे जाऊन मिंदळले?

गिमळे. तीन. घोळप्यात. सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण. तिसरीच्या सरांनी तर ‘पूर्ण वाक्यात लिहा’ या सवयीने पूर्ण वाक्यात लिहिलं. मग हशा पिकला, आणि हळूहळू ओसरला.

पहिलीच्या बाई मात्र कागद सोडेनात. “पण मिंदळलं कोण? टेपड की लोरके?”

हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. ‘ते’ म्हणजे टेपडही आणि लोरकेही. बोलताना आपण ‘मिंदळलं’ किंवा ‘मिंदळले’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला फरक कळतो. छापील भाषेत दोन्हीकडे ‘मिंदळले’च. पोरांना हा गुंता प्रत्येक धड्यात सोडवावा लागतो आणि तो कसा सोडवायचा हे आम्ही कधी दाखवलेलं नव्हतं. अमेरिकेत संशोधक डोलोरेस डर्किन यांनी १९७०च्या दशकात चौथीच्या वर्गांत बसून घड्याळ लावलं होतं. वाचनाच्या तासांची ४,४६९ मिनिटं त्यांनी पाहिली आणि समजून कसं घ्यायचं हे शिकवण्यात गेलेली मिनिटं भरली २०. बाकीच्यातला बराच वेळ प्रश्न विचारण्यात आणि उत्तरं तपासण्यात. मी हा आकडा सांगितल्यावर कोणी ‘तिकडची गोष्ट आहे’ असं म्हणालं नाही.

शाळा सुटल्यावर तिची आई आली, दुसऱ्याच कामासाठी. मी विषय काढला तशी त्या दुखावल्या. “बाई, रोज अर्धा तास मोठ्याने वाचते ती. मी काम करता करता कान देऊन असते. एक अक्षर चुकत नाही.”

“वाचून झाल्यावर तुम्ही तिला काय विचारता?”

त्या जरा थांबल्या. “किती पानं झाली ते विचारते.”

मी काही बोलले नाही. मी तरी दुसरं काय विचारत होते? मग एवढंच म्हटलं, की उद्यापासून पानं मोजू नका. मध्येच थांबवा आणि विचारा, ‘हे तुला कशावरून कळलं?’ त्यांनी ते एका चिठ्ठीवर लिहून घेतलं.

पुढचं थोडक्यात सांगते. त्या दोघांना एका बाकावर बसवलं. तिने वाचायचं, त्याने अडवायचं. पहिले आठ-दहा दिवस भांडणं झाली. ‘हा मला वाचूच देत नाही’ अशी तक्रार रोज. अक्षरओळखीसाठी त्याला वेगळा वेळ द्यावा लागला, ते काम बाकावर बसवून होण्यातलं नव्हतं आणि अजून संपलेलं नाही. शिक्षकखोलीत ‘मिंदळले’ हा शब्द मात्र रुळला. कोणी नुसता शब्द शोधून सापडेल असा प्रश्न काढला की दुसरा म्हणतो, “सर, मिंदळले.”

परवा परिपाठात ती वाचत होती. सगळी शाळा समोर. दुसऱ्या परिच्छेदात अचानक थांबली. ओठ हलले, बोट एक ओळ वर गेलं. रांगेत कुजबुज सुरू झाली. शेजारच्या सरांनी माझ्याकडे वळून हळूच म्हटलं, “आज अडखळली की हो तुमची.” तिने वरची ओळ पुन्हा वाचली, या वेळी सावकाश, आणि मग पुढे गेली.