रिकामी राहिलेली सहा नंबरची जागा

एप्रिल 2025 मध्ये लिव्हरपूलने इंग्लंडची फुटबॉल लीग जिंकल्यापासून तिकडून, घरच्यांचे, मेसेज थांबत नव्हते, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, आता या उन्हाळ्यात लिव्हरपूल कुणाला घेणार? चुलतभाऊ तर रोज रात्री एक नवीन यादी पाठवायचा, नावं आणि नावांपुढे मिलियनमधले आकडे. मी त्याला दरवेळी सांगायचे की थांब जरा, सविस्तर लिहिते, कारण 2024 चा उन्हाळा इथे बसून काढल्यावर मला या याद्या वाचवत नाहीत.

मी इथे लिव्हरपूल शहरातल्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. वॉर्डच्या मागे आमची ब्रेकरूम आहे, एक टेबल, सहा खुर्च्या आणि दिवसभर उकळत असलेली केटल. फुटबॉल मी या टेबलावर शिकले आणि शिकवलं ते दोघांनी. एक आमचे पोर्टर, म्हणजे पेशंटला ट्रॉलीवरून एक्सरेला, थिएटरला नेणारे, वय पासष्ट, जन्मापासून रेड, म्हणजे लिव्हरपूलचे. ते मला लव्ह म्हणतात, इथे सगळेच सगळ्यांना म्हणतात, आणि मी तोंडावर नावाने हाक मारली तरी मनात त्यांना काकाच म्हणते, म्हणून इथेही काकाच लिहिते. दुसरी आमची वॉर्ड क्लार्क, पक्की ब्लू, म्हणजे शहरातल्या दुसऱ्या क्लबची, एव्हर्टनची. 2025 च्या उन्हाळ्यापर्यंत दोन्ही क्लबच्या मैदानांमध्ये फक्त स्टॅनली पार्क होतं, चालत गेलात तर पंधरा-वीस मिनिटं, आणि एकाच घरात एक भाऊ लाल तर एक निळा असं इथे सर्रास असतं.

तर 26 जानेवारी 2024, शुक्रवार. लिव्हरपूलचा मॅनेजर युर्गेन क्लॉपने जाहीर केलं की सीझन संपला की मी जाणार, माझी एनर्जी संपत आलीय. मी औषधांचा राउंड करत होते आणि समोर काका रिकामी ट्रॉली घेऊन येत होते, कुणीतरी त्यांना फोन दाखवला. त्यांनी ट्रॉली भिंतीला लावली, पायाने ब्रेक दाबला आणि तिथेच उभे राहिले. काही बोलले नाहीत. नऊ वर्षांत त्या माणसाने 2019 ला चॅम्पियन्स लीग आणली, 2020 ला तीस वर्षांनी लीग आणली, हे आकडे तुम्हाला माहीत असतीलच, पण एखादा मॅनेजर जातोय म्हणून घरातलं माणूस दूर गावी चालल्यासारखा अख्खा वॉर्ड गप्प होतो हे मी पहिल्यांदा बघितलं. त्या दिवशी पेशंटसुद्धा तेच बोलत होते. एका आजींनी बीपी घेताना मला विचारलं की आता कोण गं येणार?

कोण येणार हे पुढचे तीन महिने चाललं. सगळ्यांना शाबी अलोन्सो हवा होता, कारण तो आपला, 2005 ला इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीग जिंकलेल्या टीममधला, आणि तिकडे जर्मनीत लेव्हरकुसेनचा कोच म्हणून तो हरतच नव्हता. मार्चअखेर त्याने सांगितलं की मी इथेच थांबतो. मग पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबचा कोच रुबेन अमोरिमचं नाव आलं, तेही मागे पडलं, आणि एप्रिलमध्ये एकदम आर्ने स्लॉट. नेदरलँड्सच्या फेयेनूर्डचा कोच. त्यांना 2023 ला डच लीग जिंकून दिली होती आणि 2024 ला तिथला कपही. आमच्या टेबलावर अर्ध्या लोकांनी त्याची एक पूर्ण मॅचही बघितलेली नव्हती. काकांनी मात्र त्या आठवड्यात घरी बसून फेयेनूर्डच्या जुन्या मॅच शोधून बघितल्या, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत, आणि सोमवारी येऊन एवढंच म्हणाले, पोरांना बॉल ठेवायला शिकवतो हा.

19 मेला क्लॉपची शेवटची मॅच झाली, वुल्व्ह्जवर 2-0, आणि नंतर माईक हातात घेऊन त्याने घरच्या मैदानावर, म्हणजे अ‍ॅनफिल्डवर जमलेल्या सगळ्यांना नव्या माणसाच्या नावाचं गाणं म्हणायला लावलं. जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी असं करणं मला फार मोठं वाटतं, आजही त्याचा व्हिडिओ लावला की घसा दाटतो.

आता आणखी एक गोष्ट जी तिकडे बसून कळत नाही. स्लॉट इथे मॅनेजर म्हणून आलाच नव्हता, त्याचं पद हेड कोच होतं. इंग्लंडमध्ये जुन्या अर्थाने मॅनेजर म्हणजे सगळंच तो, टीमही तो निवडणार, खेळाडूही तो घेणार, विकणारही तोच. आता तसं नाही. खरेदीविक्री रिचर्ड ह्यूज बघायचा, तो बोर्नमथहून स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून आला, आणि त्याच्या वर मायकेल एडवर्ड्स. म्हणजे स्लॉटला काय पाहिजे ते तो सांगू शकत होता, पण चेकबुक त्याच्या खिशात नव्हतं.

आणि चेकबुक असलं तरी वाटेल तेवढं लिहिता येत नाही, हे मला आमच्या क्लार्कने समजावलं, आणि तिच्याइतकं कोण समजावणार, कारण त्याच सीझनमध्ये तिच्या एव्हर्टनचे आठ पॉइंट कापले होते, आधी दहा, मग अपिलात त्याचे सहा झाले आणि वर आणखी दोन. तेव्हाचा नियम असा की तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त 105 मिलियन पाउंड तोटा चालायचा. खेळाडू 50 मिलियनला घेतला आणि पाच वर्षांचा करार केला तर हिशेबात दरवर्षी 10 मिलियन पडतात, पण अकॅडमीत वाढलेला पोरगा विकला तर आलेले सगळे पैसे त्याच वर्षी नफा, म्हणून क्लब स्वतःचीच पोरं विकायला बसतात. हे सांगताना तिचा आवाज चढला होता. ती म्हणाली, आम्ही लहानपणापासून ज्या पोराला येताजाता बघितलेलं असतं ना, तोच आधी विकला जातो कारण कागदावर तोच सगळ्यात फायद्याचा दिसतो. मला तिचं पटलं, नियम हवेतच, पण ज्या नियमाने घरचं पोर आधी बाहेर जातं त्यात कुठेतरी चुकतंय.

जून-जुलै असा गेला की रोज एक नवीन नाव. आमच्याकडे औषधं द्यायचे छोटे प्लॅस्टिकचे पेले असतात, पारदर्शक, बाजूला मिलीच्या रेघा. काका त्यातले अकरा पेले टेबलावर उपडे मांडायचे, मागे चार, पुढे दोन, मग तीन, सगळ्यात पुढे एक. आणि दरवेळी त्या दोघांतला एक पेला काढून घ्यायचे आणि म्हणायचे, बघ, ही जागा. सहा नंबर. डिफेन्सच्या पुढे उभं राहून बॉल घ्यायचा, मागे न बघता मागे काय आहे ते माहीत पाहिजे, आणि पहिला पास पुढे गेला पाहिजे. क्लॉपच्या शेवटच्या सीझनमध्ये तिथे एंडो खेळायचा, जीव तोडून खेळायचा, पण स्लॉटला हवा होता तसा खेळाडू तो नव्हता. म्हणून अख्खं शहर त्या एका रिकाम्या जागेकडे डोळे लावून बसलेलं.

ऑगस्टमध्ये नाव पक्कं झाल्यासारखं झालं, मार्टिन झुबिमेंडी, स्पेनच्या रेआल सोसिएदादचा. क्लब पैसे द्यायला तयार होता. आणि त्याने नाही म्हटलं, मी माझ्याच गावच्या क्लबात राहणार. त्या दिवशी फोनवर जगभरातून नुसता संताप वाहत होता, ह्यूजला काढा, मालकांनी क्लब विका, हा सीझन गेला. मीसुद्धा रागावले होते, खोटं कशाला सांगू, ब्रेकला जाऊन तणतणले की एक माणूस आणता येत नाही यांना?

काकांनी मला खाली बसवलं आणि 1974 चं सांगितलं. ते तेव्हा पंधरा वर्षांचे. बिल शँकलीने क्लबला सेकंड डिव्हिजनमधून वर काढलेलं, लोक त्याच्यासाठी जीव टाकायचे, आणि 12 जुलैला एकदम बातमी की शँकली सोडून चाललाय. काका म्हणाले, माझी आई भांडी घासत होती, रेडिओवर ऐकलं आणि हात पुसायचेसुद्धा विसरली, आणि आम्ही पोरं रस्त्यावर एकमेकांना विचारत होतो की खोटं आहे ना? त्याच्या जागी आला बॉब पेझली, त्याच्याच हाताखालचा शांत माणूस. आणि ज्या दिवशी शँकली गेला त्याच दिवशी आर्सेनलकडून घेतलेला एक स्ट्रायकर जाहीर झाला होता, रे केनेडी. स्ट्रायकर म्हणून त्याचं काही जमेना. पेझलीने काय केलं, त्याला विकला नाही, त्याच्या जागी दुसरा आणायला धावला नाही, त्याला मिडफिल्डला डावीकडे उभा केला. त्या रे केनेडीने लिव्हरपूलसोबत तीन युरोपियन कप जिंकले. पहिल्या सीझनला पेझलीला एकही कप मिळाला नव्हता हेही काकांनी सांगितलं, आणि लोक थांबले. मग एकूण नऊ वर्षांत सहा वेळा लीग.

एवढं बोलून त्यांनी बाजूला ठेवलेल्या पेल्यांतला एक उचलला आणि त्या रिकाम्या जागी ठेवला. हा कोण, मी विचारलं. ग्रावेनबर्ख, ते म्हणाले. रायन ग्रावेनबर्ख आदल्या उन्हाळ्यात बायर्न म्युनिककडून आलेला, बावीस वर्षांचा, बराच वेळ बेंचवर काढलेला, आणि त्या जागेसाठी यादीत त्याचं नाव तरी कुठे होतं.

30 ऑगस्टला ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू घ्यायची मुदत, बंद झाली. किएझा आला युव्हेंटसकडून, साधारण 10 मिलियनला, आणि व्हॅलेन्सियाचा गोलकीपर मामारदाश्विली घेतला पण तो पुढच्या वर्षी येणार. बस. सहा नंबर आलाच नाही. तोवर सीझन सुरू झालेला, इप्सविचला पहिली मॅच 2-0, आणि त्या जागेवर ग्रावेनबर्खच. 1 सप्टेंबरला ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडला 3-0. त्या मॅचला मी ड्युटीवर होते, दर गोलला कॉरिडॉरच्या टोकाकडून आवाज यायचा. मग दोनच आठवड्यांनी घरच्या मैदानावर नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून 0-1, आणि परत तेच, बघा, सहा नंबर घेतला नाही ना. टेबलावरच्या कुणीही ते वाक्य उच्चारलं नाही. त्यांचं बोलणं चाललेलं की तो पोरगा बॉल घेताना आता खांदा आधी कसा वळवतो, मागच्या वर्षी नव्हता वळवत. मी नंतर मुद्दाम फक्त खांदा बघत एक अख्खी मॅच काढली. खरंच वळवत होता. बॉल यायच्या आधी एक नजर डावीकडे, एक उजवीकडे, आणि बॉल लागला की अंगावर आलेला माणूस मागे पडलेला.

माझं म्हणणं काय ते तुमच्या लक्षात आलं असेल. बाहेरून बघणाऱ्याला उन्हाळा म्हणजे कोण येणार एवढंच दिसतं, मलाही तेवढंच दिसायचं. या टेबलावर पहिला प्रश्न असतो की आहेत त्यांचं हा नवा माणूस काय करणार आहे.

27 एप्रिल 2025 ला, टॉटनहॅमने पहिला गोल केला तेव्हासुद्धा काका शांत होते म्हणे, मी त्या दिवशीही ड्युटीवर. शेवटी 5-1. चार मॅच बाकी असताना लीग, विसावी. 2020 ला जिंकली तेव्हा कोविडमुळे मैदान रिकामं होतं, म्हणजे भरलेल्या अ‍ॅनफिल्डवर लीग जिंकल्याला पस्तीस वर्षं झालेली. आणि मॅच संपल्यावर स्लॉटने माईक घेतला आणि क्लॉपच्या नावाचं गाणं म्हटलं. आमच्या बे चारमधल्या एका पेशंटने, सकाळीच ऑपरेशन होऊन आलेला माणूस, ते टॅबलेटवर लावलं होतं, आणि मी त्याचं सलाईन बघायला गेले ते तिथेच उभी राहून पूर्ण बघून आले.

मग परत उन्हाळा, 2025 चा. 5 मेला, सोमवारी, उजव्या बाजूचा डिफेंडर ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्डने सांगितलं की तो चाललाय. सहा वर्षांचा असल्यापासून या क्लबात, याच शहरातला मुलगा, आणि करार संपत आल्यामुळे क्लबला मोठी ट्रान्सफर फीसुद्धा नाही. लोक दुखावले, काही फार कडू बोलत होते, आणि मला दोन्ही बाजू कळतात पण शिव्या घालाव्यात असं नाही वाटत. मोहम्मद सालाह आणि व्हॅन डाइक या दोघा मोठ्या खेळाडूंनी करार वाढवले हे बरं झालं. क्लार्क म्हणाली, बघ, आमचं पोर विकलं जातं आणि तुमचं पोर फुकट जातं, आणि तिने काकांपुढे चहा ठेवला.

काकांनी पेले मांडले होते. उजव्या कोपऱ्यातला पेला त्यांनी उचलला, खिशात घातला, आणि त्या जागी दुसरा ठेवून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

"ब्रॅडलीला सलग किती मॅच झेपतील गं, तू नर्स आहेस, तू सांग."