'ताई, राहू द्या'

आयटीआयच्या मुली विचारतात, लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या मावश्या विचारतात, परवा दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्या बाईंनीही विचारलं, "एवढ्या पुरुषांत एकटी काम करता, त्रास देत नाहीत का हो?" तुम्हीही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी इलेक्ट्रिशियन आहे. अकरा वर्षं झाली. आमच्या कारखान्यात बायका कमी नाहीत. सुताच्या कांड्या भरायला बायका, शिलाईला बायका, घडी घालून पॅकिंग करायला बायका. माग मात्र पुरुष चालवतात, माग दुरुस्त करणारा जॉबर पुरुष आणि मेंटेनन्स खातं तर सगळंच पुरुषांचं. कांडी मशीनवर बाई दिवसभर उभी राहते, पण ते मशीन बंद पडलं की तिनं बाजूला व्हायचं आणि गड्याला हाक मारायची, अशी रीत.

त्रास झाला का? झाला. पहिल्याच वर्षी एकानं घाणेरडं बोलून पाहिलं. मी लेखी तक्रार दिली. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, कारखान्यात समिती होती, त्याला समज मिळाली आणि विषय मिटला. सोपं नव्हतं, रात्र-रात्र झोप नव्हती. पण तो काय बोलला, कधी बोलला, कोणासमोर बोलला, हे कागदावर मांडता आलं. दुसरा त्रास कागदावर मांडता येत नाही. तो फार प्रेमानं येतो. "ताई, राहू द्या."

शिडीवर चढायला निघाले की "ताई, राहू द्या, पोरगा चढतो." पॅनल उघडायला घेतलं की "राहू द्या, शॉक-बिक बसायचा." मोटर उतरवायची असली की माझ्या हातातला पाना कुणीतरी काढूनच घ्यायचं. पहिले सात महिने मी शिडी धरून उभी राहिले आणि ब्रेकडाउनचं, म्हणजे बंद पडलेल्या यंत्रांच्या दुरुस्तीचं रजिस्टर लिहिलं. आयटीआयची दोन वर्षं, हातात प्रमाणपत्र, आणि काम काय, तर शिडी धरणं! यातलं कुणी वाईट नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचंय. आमचे अण्णा, म्हणजे खात्यातले सगळ्यात जुने, मला डब्यातली शेंगाचटणी आठवणीनं द्यायचे. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पण वर्षअखेरीला पगारवाढीच्या वेळी साहेबांनी रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "तुम्ही किती ब्रेकडाउन काढलेत?" माझ्याच अक्षरात लिहिलेल्या त्या रजिस्टरात माझं नाव कुठंच नव्हतं. समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ पासूनचा. पण समान काम हाताला लागूच दिलं नाही, तर समान वेतन मागायचं कशाच्या जोरावर?

हे 'राहू द्या' आमच्या अण्णांनी काढलेलं नाही. आता रद्द झालेला १९४८ चा कारखाना अधिनियम वाचा. कलम २२ म्हणायचं, चालत्या यंत्रांच्या ठरावीक भागांना तेल घालणं, ते साफ करणं, जुळवणं ही कामं स्त्रीला आणि अल्पवयीन कामगाराला देऊ नका. कलम २७ मध्ये कापूस पिंजायच्या यंत्राजवळ स्त्रिया आणि मुलं नकोत. कलम ६६ नं संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कारखान्याचं दार बाईला बंद केलं. हेतू रक्षणाचा होता, मला मान्य आहे. पण धोका यंत्रात असेल तर यंत्राला जाळी लावा, चालू यंत्रात कुणाचाच हात जाऊ देऊ नका. पुरुषाची बोटं काय लोखंडाची असतात? त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या कामगार संहितेत बाईच्या संमतीनं रात्रपाळीला वाट ठेवली आहे. तिला विचारायचं, हे सुचायला इतकी वर्षं लागली.

माझं रजिस्टरात नाव लागलं ते एका मोटरीमुळं. चौदा नंबरच्या मागाची एक एचपीची मोटर महिन्यात दोनदा जळली. दोन्ही वेळा वायंडिंग करून आणली, बसवली. तिसऱ्यांदा मागवाला ओरडत आला तेव्हा अण्णा जेवायला गेले होते. मी सप्लाय बंद केला, फ्यूज काढून खिशात टाकले, टेस्टरनं खात्री केली आणि मोटरीला हात न लावता स्टार्टर उघडला. कॉन्टॅक्टर म्हणजे मोटरीची वीज जोडणारा-तोडणारा स्विच; त्याचे दोन कॉन्टॅक्ट स्वच्छ, तिसरा काळाठिक्कर. म्हणजे विजेच्या तीन फेजपैकी एक मधूनच जात होता आणि मोटर उरलेल्या दोनवर घुमत, तापत होती. अशा वेळी ओव्हरलोड रिलेनं, म्हणजे करंट वाढला की मोटर बंद पाडणाऱ्या यंत्रानं, वीज तोडायला हवी. त्या मोटरीला पूर्ण लोडवर दोन अँपिअरच्या आतच लागतात आणि रिलेची चकती कुणीतरी चारवर नेऊन ठेवली होती. सारखा ट्रिप होतो म्हणून! वर मोटरीच्या जाळीवर रुईच्या धुळीचा बोटभर थर. तिला श्वास घ्यायलाही जागा नव्हती.

कॉन्टॅक्टर बदलला, रिलेची चकती मोटरीच्या अँपिअरवर आणली, जाळी ब्रशनं झाडली. अण्णा परत आले, उघडा स्टार्टर पाहिला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिव्ह की मग, तुझं नाव लिव्ह." त्या दिवशी मी साहेबांकडं अर्ज दिला: ब्रेकडाउन पाळीनं वाटून द्या, आणि ज्यानं काम केलं त्याचंच नाव लिहा. पंधरा दिवस रोज विचारत राहिले. तेव्हा भिंतीवर पाळीचा तक्ता लागला.

१३ मार्च २०२३ ला रेल्वेच्या इंजिनचालक सुरेखा यादव यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली, तो व्हिडिओ आमच्या शेडमध्ये सगळ्यांनी बघितला. त्याही इलेक्ट्रिकल डिप्लोमावाल्या. शिलाईच्या बायका मला हाका मारून दाखवत होत्या, जणू मीच गाडी नेली.

घरी आईला दाखवला. आई विडी कामगार. आमचं घर कुंभारीच्या गोदूताई वसाहतीत, विडीवाल्या बायकांनी मोर्चे काढून मिळवलेल्या दहा हजार घरांतलं. आयुष्यभर तिनं दिवसाला हजार विड्या वळल्या आणि त्यातल्या खराब विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढणारा हात कायम पुरुषाचा. व्हिडिओ बघून ती एवढंच म्हणाली, "हिला कुणी राहू द्या म्हणलं नसंल व्हय?"

म्हणलं असणारच, आई.

गेल्या जूनमध्ये आमच्या खात्यात एक अप्रेंटिस मुलगी आली. एकोणीस वर्षांची, बारीक चणीची. शेडमधली वरची ट्यूब बदलायची होती, शिडी उंच. ती पुढं झाली आणि माझ्याच तोंडून निघालं, "राहू दे गं, मी चढते." चार पायऱ्या चढलेही. खाली बघितलं तर ती शिडी धरून उभी होती, मान खाली घालून.

मी उतरले. टेस्टर तिच्या हातात दिला आणि शिडी धरली.